उठ म्हणाला, म्हणून उठले

सिस्टरबाईंनी माझं लग्न मोडलं, असं आमच्या चर्चमध्ये अजूनही म्हणतात. म्हणणाऱ्यांत माझी आईसुद्धा आहे. मी ते खोडून काढत नाही आणि मान्यही करत नाही, कारण त्या दिवशी नेमकं काय झालं ते माझं मलाच नीट कळलेलं नाही. मी शाळेत गणित शिकवते. पोरांचं उत्तर चुकलं तर कुठल्या पायरीला गाडी घसरली ते मला लांबून दिसतं. हे एक गणित मात्र इतक्या वेळा मांडलं, की आता मांडायचाच कंटाळा आलाय. तेव्हा उत्तराचं राहू द्या. बाई कशा होत्या तेवढं सांगते.

मिशनच्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात नर्सिंग केलं, म्हणून लहानथोर सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणायचे. मूळच्या नातेपुत्याकडच्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांची शुद्ध भाषा चाळीसएक वर्षं ऐकली, पण बाईंची ‘हाय-न्हाय’ काही सुटली नाही. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका आडगल्लीत त्यांचं लहानसं घर होतं. खाली त्या, वर एक खोली भाड्याची. दोन्ही अंगांना टॉवेलचे यंत्रमाग, सकाळपासून खटखट. पहिला आठवडाभर माझं डोकं उठलं. पुढं इतकी सवय झाली, की वीज जाऊन माग थांबले की दचकायला व्हायचं.

मी मोहोळची. शाळेत नोकरी लागली आणि रोजच्या एसटीनं कंबर ढिली झाली, तेव्हा शाळेतल्या शिपायानं बाईंची खोली सुचवली. गेले बघायला. बाई ओट्यावर पाय पसरून लसूण सोलत बसल्या होत्या. मी आमच्या ख्रिस्ती रिवाजाप्रमाणं "सलाम" म्हणते न म्हणते तोच म्हणाल्या, "आलीस व्हय? कालच म्हणाला, वरची खोली झाडून ठेव. झाडून ठिवलीया बघ."

"कोण म्हणाला?"

बाईंनी अंगठ्यानं वर दाखवलं. मी वर बघितलं. वर पत्रा होता आणि पत्र्यावर मांजर.

मग कळलं तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. साक्षात परमेश्वरानं आपल्यासाठी खोली झाडून घेतली. आईला फोन केला, आई फोनवर रडली. पुढं महिन्याभरानं शेजारच्या अक्का जिन्यात भेटल्या. तेलुगू घरातल्या, नवरा मागावर. त्या म्हणाल्या, खोली वर्षभर रिकामी होती आणि बाई ती रोज झाडायच्या. मी तशीच खाली गेले.

"सिस्टरबाई, तुम्ही म्हणालात काल सांगितलं. तुम्ही तर रोजच झाडत होता."

"रोजच सांगायचा की," बाई म्हणाल्या. "एक दिवस तू आलीस."

मी आपली वर जाऊन वह्या तपासायला बसले.

बाईंच्या बोलण्यात देव, परमेश्वर, प्रभू हे शब्द फार कमी यायचे. नुसतं ‘म्हणाला’. नवीन माणसाला वाटायचं, घरात कुणी म्हातारा नवरा आहे. नवरा कधीच नव्हता. सगळं आयुष्य त्या एका ‘म्हणाला’वर चाललेलं. भाजी आणायला गेल्या तर टोपलीसमोर नुसत्या उभ्या. भाजीवाली विचारायची, काय देऊ? "थांब की, अजून सांगितलं न्हाय." मागं गिऱ्हाइकांची रांग, वर सोलापूरचं ऊन, आणि मी छत्री धरून लाजेनं अर्धी झालेली. एकदा ती भाजीवाली वैतागून म्हणाली, "तुमच्या देवाला म्हणावं गवार ताजी हाय, घिऊन टाका." बाईंचा चेहरा खुलला. "बघ, तुझ्याच तोंडनं सांगितलं." गवार घेऊन आलो. गवार जून निघाली. मी जेवताना मुद्दाम एकेक दोरा ताटाच्या कडेला काढून ठेवत होते. बाई आपल्या शांतपणे चावत होत्या.

"ही गवार देवानं सांगितली?" मी.

"गवार घे म्हणाला. कवळी हाय आसं कुटं म्हणाला?"

हे त्यांचं नेहमीचं. आपल्याला वाटतं, देव सांगतो म्हणजे भल्याचं सांगत असणार आणि पुढं कधीतरी त्याचा उलगडा होणार. आमच्या चर्चमध्ये साक्षी तशाच देतात. अमक्या दिवशी बस चुकली, मी कुरकुरलो, पण ती बस पुढं उलटली, प्रभूची योजना थोर आहे. बाईंच्या साक्षीत बस उलटायचीच नाही. पुण्याला भाचीच्या मुलाचा बाप्तिस्मा होता. बाईंनी पिशवी भरली, दशम्या केल्या, नवी साडी नेसल्या. मी रिक्षानं स्टेशनवर सोडून आले. तासाभरात बाई दारात. "जाऊ नको म्हणाला." दशम्या आम्ही दोघींनी ओट्यावर बसून खाल्ल्या. मला चैन पडेना, मोबाइलवर सारखी ती गाडी कुठवर आली बघत होते. गाडी वेळेत पुण्याला पोचली. भाची महिनाभर बोलली नाही.

"काही झालं नाही गाडीला," मी जरा खवचटपणेच सांगितलं.

"बरं झालं की. कशाला व्हायला पायजे?"

"मग तुम्ही का नाही गेलात?"

"जाऊ नको म्हणाला म्हणून." आणि वर मलाच ऐकवलं, "कारण इचारणारी पोरगी कामाला आळशी आसती."

यातलं वेडेपण मला कळत होतं, पण बाई वेड्या नव्हत्या. ती तर पंचाईत होती. गल्लीतली निम्मी माणसं बीपी बघायला त्यांच्याकडं यायची. मागावर कुणाचं बोट चेपलं की आधी बाई, मग दवाखाना. जखम धुताना त्यांचे हात बघावेत. तिथं थांबणं नाही, विचारणं नाही. मी एकदा टोचलंच, की स्वतःची बीपीची गोळी मात्र तुम्ही न विचारता घेता. म्हणाल्या, "ते डाक्टरला सांगून ठिवलंय त्यानं. सारकं सारकं इचारून त्याला तरी कशाला तरास." हे थट्टेनं म्हणाल्या की मनापासून, ते मला आजही सांगता येणार नाही.

आमच्या पाळकसाहेबांना मात्र त्यांचा धाक होता. साहेब वय झालेले, प्रेमळ, फळ्यावर लिहिल्यासारखं स्पष्ट बोलणारे. दर नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत त्यांचा संदेश ठरलेला असायचा: आपल्या योजना बाजूला ठेवा, परमेश्वराच्या योजनेवर भरवसा ठेवा. आणि महिन्याच्या छापील कार्यक्रमाखाली न चुकता एक ओळ, ‘प्रभूची इच्छा असल्यास’. एका रविवारी उपासना सुटल्यावर बाईंनी तो कागद त्यांच्यापुढं धरला. "साहेब, हितं लिवलंय इच्छा आसल्यास. इचारलं का?" साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. शेवटी साहेब म्हणाले, "सिस्टरबाई, तुमचा विश्वास मोठा आहे. पण सगळेच तुमच्यासारखं वागायला लागले तर चर्च चालवायचं कसं?" त्यावर बाई मान हलवून म्हणाल्या, "ते बी खरं हाय." कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

मी याच्या बरोब्बर उलट. पाठाचं टाचण महिनाभर आधी तयार. पावसाळ्याच्या आधी छत्री दुरुस्त. लग्नाचंही मीच ठरवलं होतं, आईबापाला काही करावं लागलं नाही. तीस पूर्ण व्हायच्या आत, नोकरीवाला, आपल्याच समाजातला, निर्व्यसनी, आणि सोलापूरबाहेरचा. सोलापूरबाहेरचा हे सगळ्यांत महत्त्वाचं. या उन्हाला, या खटखटीला, स्टाफरूममधल्या त्याच त्या गप्पांना मी विटले होते. नातेवाइकांच्या ओळखीतून पुण्यातलं एक स्थळ आलं आणि माझ्या सगळ्या अटींत तो बसला. चांगला मुलगा होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून माणसं लगेच विचारतात, काय भानगड होती त्याची? काही भानगड नव्हती. कंपनीत कामाला, गायन मंडळात गायचा, आईला हातानं चहा करून द्यायचा. हडपसरला फ्लॅट बुक केलेला. माझ्यासाठी तिकडच्या शाळांची चौकशीसुद्धा त्यानंच करून ठेवली होती. आम्ही फोनवर बोलायचो तेव्हा दोघंही एकमेकांना याद्या सांगायचो, आणि मला ते आवडायचं. प्रेम होतं का, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. पसंती होती. पसंतीवर संसार होतात की, किती तरी झालेत.

बाईंना सांगितलं तर त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, कपाळाला कपाळ लावलं. म्हणाल्या, "लई बेस." मी वाट बघत होते. ‘म्हणाला’ काही येईना.

"विचारलं नाही का?" मीच म्हणाले.

"तुझं तू इचारायचं. मी कशाला मधी?"

त्याच संध्याकाळी त्यांनी मला एका कंपाउंडरची गोष्ट सांगितली. तेवढी एकच वेळ, पुन्हा कधी विषय नाही. दवाखान्यात एक कंपाउंडर होते, विधुर, शांत स्वभावाचे. त्यांनी विचारलं. बाईंच्याही मनात होतं. "मी म्हटलं, इचारून सांगते. इचारलं. थांब म्हणाला. थांबले."

"मग?"

"मग काय? त्येनी वरीस दोन वरीस वाट बघितली. मग मिरजंकडची एक सिस्टर केली."

मला इतका राग आला, की हातातली कपबशी मी खाली आपटली. "आणि तुम्ही? तुम्ही कधीपर्यंत थांबलात?"

बाईंनी जरा विचार केला. "थांब म्हणाला. कितीक थांब ते न्हाय सांगितलं." मग हसल्या. "आजून काय ‘चल’ म्हणाला न्हाय."

मी जिना चढून वर गेले आणि रडले. त्यांच्यासाठी रडले की रागानं, कोण जाणे. असल्या देवाचं काय करायचं, असंसुद्धा मनात येऊन गेलं. लहानपणापासून गुडघे टेकून ज्याच्याशी बोलत आले त्याच्याविषयी असं मनात यावं, याचीच मला भीती वाटली.

आता पुकार म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं पुकारतात. पाळक वेदीपाशी उभे राहून नावगाव वाचतात आणि विचारतात, या विवाहाला कुणाची योग्य हरकत असेल तर त्यानं सांगावं. मग जराशी शांतता. ती शांतता नुसती रीत म्हणून. त्या शांततेत कुणी कधी बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं, माझ्या आजीनंही ऐकलं नव्हतं. मोहोळात आमची घरं मोजकी, तिथं चर्च नाही, म्हणून आमचं कुटुंब सोलापूरच्या चर्चचं सभासद. माझी पुकार तिथंच.

पहिला रविवार सुरळीत गेला. बायकांनी माझ्या दंडाला चिमटे काढले.

दुसऱ्या रविवारी मी नेहमीच्या जागी, डाव्या अंगाला तिसऱ्या बाकावर. आई शेजारी. बाई माझ्या बरोब्बर मागं, त्यांची जागा वर्षानुवर्षं तीच. साहेबांनी नावं वाचली. हरकतीचं विचारलं. वर पंखा कुरकुरत होता. आणि माझ्या मागचा बाक करकरला. मी वळून बघितलं तर सिस्टरबाई उभ्या.

साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "सिस्टरबाई, बरं वाटत नाही का?"

"बरं हाय की."

"मग आपली काही हरकत आहे का?"

"हरकत न्हाय."

"मग?"

सगळं चर्च माना वळवून बघतंय. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. साहेब हळू आवाजात म्हणाले, "बाई, काही सांगायचं असेल तर सांगा."

"उठ म्हणाला, म्हणून उठले," बाई म्हणाल्या. "फुडं काय बोलायचं ते सांगितलं न्हाय."

कुणीतरी मागं हसलं. साहेबांनी बसा म्हटलं, बाई बसल्या नाहीत. साहेबांनी पुढचं गीत सुरू करायला लावलं. तीन कडवी संपेपर्यंत बाई उभ्या होत्या, मग आपण होऊन बसल्या. उपासनेनंतर माझ्या आईनं त्यांना अंगणात गाठलं आणि जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. वडिलांनी तिला धरून नेलं. बाई ऐकून घेत होत्या. त्याआधी आईचं त्यांच्याशी फार गूळपीठ होतं.

व्हॉट्सॲपला काय लागतं, संध्याकाळच्या आत बातमी पुण्याला. त्याचा फोन आला. मी कारणं जुळवून ठेवली होती, पण तो शांत होता. "वयस्कर माणूस आहे, होतं असं. घरच्यांना मी समजावतो. पुढच्या रविवारी मीच येतो सोलापूरला, तुझ्या बाजूनं उभं राहायला." त्याच्याविषयी त्या क्षणी मला जेवढं बरं वाटलं तेवढं आधी कधीच वाटलं नव्हतं. हेसुद्धा मी मुद्दाम सांगते आहे.

बाईंशी मी आठवडाभर बोलले नाही. एकाच घरात राहून न बोलणं किती अवघड असतं ते जिन्याला विचारा. त्या रोज माझ्यासाठी वाटी झाकून पायरीवर ठेवायच्या, मी ती तशीच ठेवायचे. शनिवारी संध्याकाळी मला राहवेना. खाली जाऊन उभी राहिले. "एकदाच सांगा. माझं लग्न होऊ नये असं सांगितलं का तुम्हाला त्यानं?"

"न्हाय."

"व्हावं असं सांगितलं?"

"न्हाय गं बाय."

"मग काय सांगितलं? कसं सांगितलं? कानात ऐकू येतं का तुम्हाला?"

बाई खाटेवर बसल्या. एवढ्या थकलेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "कानात न्हाय. मानंच्या मागं कुणी तरी उबं आसल्यागत वाटतं. इतकी वरसं झाली, मला वळकू येतंय. पर परवाच्याला..." त्या पदराची कड बोटाला गुंडाळत राहिल्या. "परवाच्याला तो व्हता का मीच व्हते, ते मला कळंना झालंय."

"म्हणजे?"

"तू जाणार म्हटल्यावर मला लई वंगाळ वाटलं गं. खोली रिकामी पडणार. जिन्यावर पाय वाजायचं बंद व्हणार. तेच माज्या मनात आलं आसंल, आन मीच उठले आसंन, आन त्याचं नाव घेतलं आसंन. आजपातुर आसं कदी झालं न्हवतं. का झालं व्हतं, आन मला कळलंच न्हवतं?"

ज्या बाईनं सगळा जन्म एका शब्दावर काढला, तिला आता तो शब्द कुणाचा हेच कळेना. कंपाउंडर माझ्या डोळ्यांपुढं आले, ज्यांना मी कधी बघितलंही नव्हतं. बाईंच्याही डोळ्यांपुढं तेच आले असणार, कारण माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माझं झालं ते झालं. तुझं व्हऊ दे. उद्या मला बाहीरनं कुलूप लाव. तितं आले तर मी परत उठीन. मला माजा भरवसा न्हाय."

"आणि त्यानं जा म्हटलं तर?"

"म्हणू दे. मला जाता यायचं न्हाय. त्याला बी दिसंल की, कुलूप हाय."

सकाळी मी साडी नेसून खाली आले तर बाई कुलूप-किल्ली हातात घेऊनच बसलेल्या. मी लावलं. आतून आवाज आला, "वढून बघ, नीट बसलं का." मी ओढून बघितलं. किल्ली पर्समध्ये टाकली आणि निघाले.

चर्च त्या दिवशी ईस्टरला भरतं तसं भरलं होतं. सगळ्यांना बघायचं होतं, म्हातारी पुन्हा उठते का. माझ्या मागची बाईंची जागा मात्र रिकामी, एवढ्या गर्दीत कुणी तिथं बसलं नाही. पलीकडं पुरुषांच्या बाजूला तो बसला होता, पांढरा शर्ट, शेजारी माझे वडील. माझ्याकडं बघून जरासा हसला. मी हसले. आईनं माझा हात धरला होता. साहेबांनी नावं वाचली, जरा घाईनंच. विचारलं, कुणाची हरकत? सगळ्यांनी त्या रिकाम्या जागेकडं बघितलं.

आणि मी उठले.

कसं ते विचारू नका. त्या क्षणी माझ्या डोक्यात काही नव्हतं. हडपसरची शाळा नव्हती, बाई नव्हत्या, शंकासुद्धा नव्हती. आवाज आला, प्रकाश दिसला, असलं काही नाही. बसलेली होते आणि मग उभी होते. आईचा हात माझ्या हाताबरोबर वर आला.

साहेबांनी नावांचा कागद खाली ठेवला. मग अगदी घरातल्यासारखं म्हणाले, "काय गं बाळ?"

मला ‘चुकून उठले’ म्हणता आलं असतं. पाणी प्यायला उठले, असंही म्हणता आलं असतं. खाली बसले असते तर पुढच्या महिन्यात लग्न होतं, हॉल ठरला होता, आणि मला ते लग्न हवं होतं. बसायचं मी ठरवलं. गुडघे वळेनात.

"हे लग्न करता येणार नाही मला," मी म्हणाले. ते वाक्य मी इतरांबरोबरच पहिल्यांदा ऐकलं.

नंतर अंगणात तो माझ्यासमोर उभा राहिला. आवाज चढवला नाही. "माझं काही चुकलं का?"

"नाही."

"दुसरं कुणी आहे?"

"नाही."

"मग निदान कारण तरी दे मला. एवढं तर माझं आहे ना?"

होतंच ते त्याचं. मी शोधलं, मनापासून शोधलं, खोटं का होईना एखादं सापडावं म्हणून शोधलं. आणि त्याला उत्तर दिलं ते ऐकून तो तसाच मागं वळून गेला. "मला माहीत नाही" म्हणाले मी. त्याचं पुढं चांगलं झालं, लग्न झालं, मुलगी झाली. नाताळला तो सगळ्यांना पाठवतो ती शुभेच्छा मलाही येते.

आई मला न घेताच मोहोळच्या गाडीला गेली. मी चालत घरी आले. गल्लीत वळले तर लांबूनच ठोकल्याचा आवाज. कुलूप काढलं. बाई जमिनीवर बसून खलबत्त्यात शेंगा कुटत होत्या, घामानं न्हालेल्या. शेंगांची चटणी कुटून कुटून तिला तेल सुटलं होतं. मला बघून बत्ता थांबला.

"जा म्हणाला तर ऐकू याला नगं म्हणून कुटत बसले," म्हणाल्या. "झाली पुकार?"

"झाली."

"कुणी उठलं न्हाय न्हवं?"

"उठलं."

त्यांचा चेहरा उतरला. दरवाज्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या कुलपाकडं बघितलं. "मी तर हितंच हाय."

"मी उठले, सिस्टरबाई."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, बघ, त्याचीच योजना. त्यांना तसं म्हणायचा हक्क होता. मी तर तेवढ्याची वाट बघत घरी आले होते, कुणीतरी तसं म्हणावं आणि मी मोकळं व्हावं. पण बाई म्हणाल्या, "का गं?"

सगळ्या आयुष्यात त्यांनी कुणाला कारण विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले आणि मग मला रडू फुटलं. त्यांनी तेलकट हातांनीच मला जवळ घेतलं. माझं रडणं थांबेपर्यंत थांबल्या. मग अगदी हळू, जखम तपासताना विचारायच्या तसं विचारलं, "उठलीस तवा मागं कुणी उबं व्हतं का?"

"मागं तुमची जागा होती. रिकामी. तिथं कुणी बसलंच नव्हतं."

बाईंनी मान हलवली. "म्हंजे तुला बी कळलं न्हाय," म्हणाल्या आणि भिंतीला हात लावून उठल्या. "चल, जेवून घे. भाकरी हाय. चटणी लई बारीक झालीया."